भाग ११ : ‘साहब, पंप गया!’ – जुन्या गाडीचा फ्युएल पंप

लखनऊच्या गोमती नगरमधून मी पुन्हा तुमच्यासमोर आलोय. मागच्या भागात बॅटरी आणि अल्टरनेटर झालं. तेव्हाच म्हटलं होतं की पुढचा भाग फ्युएल पंपावर घेऊ. तो करायला जरा उशीर झाला, कारण मधल्या काळात माझ्याच गाडीच्या पंपानं मला दोन महिने शाळेत बसवलं. तेच आज सांगणार आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू या. आपल्याकडे ‘पेट्रोल पंप’ म्हटलं की डोळ्यांसमोर नोझल हातात धरलेला माणूस येतो. गाडीच्या आतल्या पंपाला जुने मेकॅनिक ‘एसी पंप’ म्हणतात. त्याचा थंड हवेशी काही संबंध नाही. एसी हे प्लग आणि पंप बनवणाऱ्या एका जुन्या अमेरिकन कंपनीचं नाव. तिचा पंप जगभर इतक्या गाड्यांना लागला की नावच चिकटलं. टाकी खाली आणि मागे, इंजिन पुढे आणि वर. तिथून पेट्रोल ओढून इंजिनाला पाजायचं, एवढंच या पंपाचं काम.

माझी गाडी मारुती ८००, १९९७ची, कार्बोरेटरवाली. तिचं रजिस्ट्रेशन २०१२, २०१७ आणि २०२२ असं तीनदा नव्यानं करून घेतलंय. लखनऊ दिल्लीच्या एनसीआरमध्ये येत नाही, म्हणून हे चालतं. घरात मुलाची नवी गाडी आहे, पण ८०० विकायची नाही असा माझा हट्ट. सौभाग्यवतींचं मत वेगळं आहे, ते इथे नको.

गेल्या जूनमधली गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले. सौभाग्यवतींची थोरली बहीण आमच्याकडे आली होती, तिला पुण्याच्या विमानासाठी अमौसीला सोडायचं होतं. गोमती नगरहून शहीद पथानं विमानतळ म्हणजे सरळ रस्ता. एकाना स्टेडियमच्या पुढे गेलो आणि गाडीनं दोन-तीन गचके दिले, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, आणि बंद. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. पंधरा मिनिटं थांबलो, सुरू झाली. अर्धा किलोमीटर गेली, पुन्हा बंद. वर लू वाहतेय, मागे ट्रक हॉर्न देतायत, आणि ताई घड्याळ बघतायत.

फोन केला तसा ओळखीचा मेकॅनिक स्कूटरवरून आला. बॉनेट उघडलं, पेट्रोलच्या नळीला बोट लावलं आणि निकाल दिला, “साहब, पंप गया!” मग म्हणाला, ताईंचं विमान चुकायला नको, मी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून बॉनेटला टांगतो, नळी थेट कार्बोरेटरला लावतो, विमानतळापर्यंत आरामात जाईल.

मी नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं, कारण त्याचा चेहरा पडला. ते का, ते नंतर सांगतो. टॅक्सी बोलावली, ताई गेल्या. विमान मिळालं, पण शेवटच्या बोलावण्यावर. अजूनही फोनवर ‘तुमच्या त्या गाडीत’ अशीच वाक्याची सुरुवात होते.

मेकॅनिक लालबागला जाऊन नवा पंप घेऊन आला. पाच वाजेपर्यंत बसवला. येताना कॅनमध्ये पाच लिटर पेट्रोलही आणलं होतं, तेही टाकीत ओतलं. गाडी एका सेल्फमध्ये सुरू. पैसे दिले, घरी आलो. प्रकरण मिटलं, असं मला वाटलं.

आता इथे थांबा. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: पंप नवा आणि टाकीत पाच लिटर जास्त. गाडी सुरू झाली ती कशामुळे? मी एएससीमध्ये, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, आयुष्यभर गाड्याच सांभाळल्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे जवानांना सांगून सांगून माझा घसा बसला असेल. आणि स्वतःच्या गाडीला मी तो प्रश्न विचारला नाही.

याचं उत्तर कळण्यासाठी पंप आतून कसा चालतो ते बघावं लागेल. कार्बोरेटरवाल्या गाडीत पंप इंजिनावर दोन नटांनी बसवलेला असतो. आत रबरी कापडाचा पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरताना पंपाची दांडी दाबतो, दांडी पडदा खाली ओढते, पोकळी होते, टाकीतलं पेट्रोल त्यात चढतं. दांडी सुटली की स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. दोन छोट्या झडपा असतात, एक आत येऊ देणारी, एक बाहेर जाऊ देणारी. पुढे ढकलायचा दाब जेमतेम तीन ते पाच पीएसआय. तुमच्या टायरमध्ये तीस असतो, यावरून अंदाज करा.

म्हणजे हा पंप मुख्यतः ओढणारा आहे, आणि गाडीच्या मागच्या टोकापासून पंपापर्यंतची सगळी नळी ओढीखाली असते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण यातच मेख आहे. पंपाच्या पुढच्या नळीला चीर पडली तर पेट्रोल टपकतं, वास येतो, दिसतं. मागच्या नळीला चीर पडली तर टिपूसही पडत नाही. उलट हवा आत जाते. पंपाच्या तोंडी अर्धं पेट्रोल, अर्धी हवा. तुम्ही उसाचा रस पिताय आणि स्ट्रॉला वरच्या बाजूला भोक आहे, तसं. ग्लास भरलेला असेल तर थोडाफार रस येतो. तळाशी गेला की नुसती हवा.

आणि जूनमध्ये आणखी एक गोष्ट होते. पेट्रोल गरम झालं की नळीत त्याची वाफ होते, आणि ओढीखाली ती आणखी लवकर होते. पंप द्रव ढकलायला बनवलेला, वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे जात नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. उंचीवरही हाच त्रास. जोझिला चढताना हवेचा दाब कमी, इंजिन तापलेलं, आणि आमच्या पेट्रोलवर चालणाऱ्या जोंगा घाटात धापा टाकत. ड्रायव्हर पाण्यात भिजवलेलं फडकं पंपावर गुंडाळायचे, पाच-दहा मिनिटांत गाडी पुढे. बर्फाच्या प्रदेशात पंपाला ओली पट्टी, जशी ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. हा उपाय आजही चालतो. पंप आणि त्याच्या नळीवरच ठेवा, कॉइल आणि वायरिंग भिजवू नका. ओल्या फडक्यानं गाडी सुरू झाली तर पंप मेलेला नाही, तापलेला आहे. ही फार मोठी माहिती आहे, आणि ती फुकट मिळते.

आता माझ्या गाडीकडे परत. सैन्यात सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी ‘फर्स्ट परेड’ असते: ऑइल, पाणी, हवा, बॅटरी, खाली काही सांडलंय का. मी घरी ती दर रविवारी करतो. पंप बदलल्यानंतरच्या पहिल्या रविवारी डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या जरासं वर दिसलं. वाटलं, मेकॅनिकनं टाकलं असेल थोडं. दुसऱ्या रविवारी मी कानपूरला होतो. तिसऱ्या रविवारी ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! ऑइल कमी होतं हे आपण ऐकलंय, वाढतं कसं? डिपस्टिक नाकाशी नेली. पेट्रोलचा भपकारा. थेंब दोन बोटांत घेतला तर पाण्यासारखा पातळ.

याच आठवड्यात गाडी हनिमन चौराह्यावर पुन्हा तशीच बंद पडली होती, तेच गचके, तेच पंधरा मिनिटांनी सुरू होणं. म्हणजे नवा पंप बसवूनही मूळ दुखणं होतं तिथेच, आणि वर हे नवीन.

गाडी जागेवर उभी केली. ऑइलमध्ये पेट्रोल म्हणजे दुहेरी धोका. पातळ ऑइल बेअरिंगना सांभाळत नाही, इंजिन खराब होतं. आणि क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ साचते. अशी गाडी ‘गॅरेजपर्यंतच जाऊ’ म्हणूनही चालवायची नाही. ज्यांच्याकडे कार्बोरेटरवाली गाडी आहे त्यांनी आज हा भाग वाचून बाजूला ठेवला तरी चालेल, पण आधी खाली जाऊन डिपस्टिक काढा आणि वास घ्या.

पंप खोलला. पंप आणि इंजिनाच्या मध्ये एक जाड पॅकिंग असतं, बेकलाइटसारखं काळं, कडक. माझ्या इंजिनावर ते नव्हतंच, कागदी पॅकिंग लावून पंप थेट बसवला होता. डिकीत जुना पंप प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता, तो काढला तर जाड पॅकिंग त्यालाच चिकटलेलं! बिचाऱ्यानं घाईत, उन्हात काम केलं, जुना पंप काढताना पॅकिंगही त्याच्याबरोबर आलं आणि लक्षात आलं नाही.

हे पॅकिंग दोन कामं करतं. एक, इंजिनाची उष्णता पंपात जाऊ देत नाही. ते नसेल तर व्हेपर लॉक आणखी लवकर. दुसरं, पंपाची दांडी कॅमपासून किती लांब राहावी ते ठरवतं. पॅकिंग काढलं की दांडी जास्त आत शिरते, कॅम तिला हवं त्यापेक्षा जास्त ढकलतो, आणि पडदा प्रत्येक फेऱ्याला ताणला जातो. मिनिटाला हजारदा. वीस दिवसांत नवाकोरा पडदा कडेनं फाटला आणि पेट्रोल खाली इंजिनात उतरू लागलं. तेव्हा पंप बदलताना जुनं आणि नवं पॅकिंग शेजारी ठेवून जाडी बघा. तुम्ही मेकॅनिक नसलात तरी हे तुम्हाला दिसतं. त्याच्या शेजारी उभं राहून विचारायला लाजू नका, “उस्ताद, वो मोटा वाला लगा दिया ना?”

मग मी आमच्या पोर्चमध्ये सकाळी सहा वाजता, थंड इंजिनावर, जे शहीद पथावर करायला हवं होतं ते केलं. क्रम सांगतो, तसाच ठेवा.

सर्वात आधी, दोष पेट्रोलचा आहे की करंटचा, हे ठरवायचं. कारण इग्निशन कॉइलही तापल्यावर मरते आणि थंड झाल्यावर जिवंत होते, अगदी याच पद्धतीनं. कार्बोरेटरवाल्या गाडीत हे सोपं आहे. इंजिन बंद असताना एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हातानं अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल पोचतंय, मग कॉइल, पॉइंट, प्लगकडे जा. पिचकारी नाही, म्हणजे कार्बोरेटर कोरडा.

कोरडा असेल तर लगेच पंपाला हात लावू नका. टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा मोठा आवाज झाला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणातला हवेचा रस्ता बंद आहे. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीच पंपाला मागे ओढते. एक झाकण बदललं की काम झालं. त्यानंतर फिल्टर. प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर असेल तर उन्हाकडे धरून बघा. तांबूस गाळ दिसला तर तो टाकीतला गंज आहे, आणि उभ्या राहिलेल्या गाड्यांत तो असतोच.

इथपर्यंत माझं सगळं ठीक निघालं. मग निर्णायक चाचणी. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदललं, जुना पंप त्याच्या जाड पॅकिंगसकट परत बसवला. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे ठिणगी पडणार नाही. टाकीकडून येणारी नळी पंपावरून काढून तिचं तोंड बंद केलं, आणि तिच्या जागी हातभर नवी नळी लावून तिचं दुसरं टोक जमिनीवर ठेवलेल्या पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये सोडलं. पंपातून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तीही जमिनीवरच्या रिकाम्या डब्यात सोडली. मुलाला म्हटलं, दहा सेकंद सेल्फ मार. मी हातात आग विझवायचं सिलिंडर घेऊन उभा.

डब्यात ठळक, एकसारखे फवारे: चळ, चळ, चळ. ज्या पंपाला शहीद पथावर मृत घोषित केलं होतं, तो अगदी धडधाकट होता.

तेव्हा दोष पंपाच्या मागे. गाडीखाली शिरलो. लोखंडी नळी चांगली होती. टाकीपाशी जिथे ती संपते तिथे वीतभर रबरी नळीचा तुकडा आहे, क्लिपखाली तो वाकवून बघितला तर केसासारख्या चिरा. न वाकवता बघितल्या असत्या तर दिसल्या नसत्या, आणि खाली टिपूसही नव्हतं. टाकी कमी असली, ऊन असलं की हवा ओढायची. पाच लिटर टाकले की पेट्रोल वर यायचं, ओढ कमी लागायची, आणि गाडी बरी व्हायची. नळीचा तुकडा आणि दोन क्लिपा बदलल्या. चहाच्या दोन फेऱ्यांइतका खर्च. तेव्हापासून गाडी त्याच जुन्या पंपावर चालतेय.

मेकॅनिकला फाटलेला पडदा आणि पॅकिंग दाखवलं. तो बराच वेळ हातात धरून बघत राहिला. म्हणाला, “कर्नल साहब, गलती हो गई.” मी म्हटलं, अर्धी माझी. मी बघत उभा होतो आणि विचारलं नाही.

आता बाटलीचं सांगतो.

१९८४मध्ये मी लेफ्टनंट होतो, राजस्थानात, वाळूत सराव चालू होता. एका जोंगाच्या पंपाचा पडदा फाटला. सुटा पंप मागे डेपोत, आणि आम्हाला अंधाराच्या आत पोचायचं होतं. ड्रायव्हर नाईक होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, हुशार. म्हणाला, “साब, जेरीकॅन बॉनेट पे बाँध देते हैं, पाइप सीधा कार्बोरेटर में.” उंचावरून पेट्रोल आपोआप उतरतं, पंप लागत नाही. मला ती युक्ती आवडली. मी हो म्हटलं.

सहा किलोमीटर छान गेलो. मग एक खड्डा आला, नळी सुटली, आणि पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर. ‘भप्प’ असा आवाज मी अजूनही ओळखू शकतो. ड्रायव्हरनं उडी मारली नाही, आधी हात घालून नळी ओढून काढली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आग विझवायचं सिलिंडर मागच्या वन-टनमध्ये होतं, ते येईपर्यंत गाडीचा पुढचा भाग गेला. त्याची दोन बोटं पुढे कधी नीट वळली नाहीत आणि ड्रायव्हर म्हणून तो पुन्हा बसला नाही. चौकशीत परवानगी कोणी दिली हे विचारलं, ते मी सांगितलं. मला जी समज मिळाली ती कागदावर दोन ओळींची होती.

म्हणून बाटली नाही. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते, तर जूनच्या लखनऊचं काय बोलायचं! ती हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि दूरवरची ठिणगी शोधते. मी पोर्चमध्ये कॅन वापरला, मग फरक काय? इंजिन थंड, ठिणगी बंद, कॅन जमिनीवर, गाडी उभी, दहा सेकंद. बाटलीच्या युक्तीत यातलं एकही नसतं: इंजिन तापलेलं, ठिणगी चालू, पेट्रोल त्याच्या डोक्यावर, आणि गाडी हलतेय. रस्त्यावर पंप गेला तर गाडी ओढून न्या, टॅक्सी करा, विमान चुकू द्या.

एक किलोचं ड्राय पावडरचं सिलिंडर पुढच्या सीटखाली ठेवा, डिकीत नको. बॉनेटखालून धूर आला तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की ज्वाळा उठतात. फटीतून पावडर मारा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका, ती पाण्यावर तरंगत पसरते.

आता ज्यांच्या गाड्या इंजेक्शनवाल्या आहेत, म्हणजे साधारण २०००नंतरच्या बहुतेक, ते म्हणतील आमचं काय. तुमचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला, विजेवर चालणारा. तो ओढत नाही, ढकलतो, आणि दाब साधारण तीन बार, म्हणजे चाळीस पीएसआयच्या पुढेमागे. त्यामुळे ती नळी चालू गाडीत कधीही सोडायची नाही, कारंजं उडतं. आधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालवून आपोआप बंद पडू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग फडकं धरून नळी सोडा.

याची चाचणी कानानं करायची. एकानं टाकीच्या तोंडाशी कान लावायचा, दुसऱ्यानं किल्ली ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही. दोन-तीन सेकंद ‘गूं’ असा आवाज येऊन थांबला तर पंप फिरतोय. आवाज नाही, तर फ्यूज बघा, मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच मापाचा असतो, तो अदलाबदल करून बघता येतो. फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच असतो. खड्ड्यानंतर गाडी बंद पडली असेल तर आधी तो दाबा. शेवटी पंपाच्या प्लगमध्ये टेस्ट लॅम्प लावा, पण नेहमीचा अर्थ म्हणून बॉडीला लावू नका, पंपाच्याच अर्थच्या पिनेला लावा. दिवा लागला आणि पंप गप्प, तर पंप गेलेला. दिवा नाही लागला, तर तार, नाहीतर गंजलेला अर्थ. आमच्या शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना नवा पंप घ्यायला सांगितलं होतं, निघाला डिकीतल्या गालिच्याखालचा गंजलेला अर्थ.

टाकीला खालून रबरी हातोड्यानं ठोकलं की कधीकधी मेलेला पंप जागा होतो. आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात, धक्क्यानं टेकतात. हे घरी पोचण्यापुरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच भरवशावर निघू नका.

हा पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. सतत ‘रिझर्व्ह’वर गाडी चालवायची आपली सवय त्याला आतून भाजते. पाव टाकी कायम ठेवा. आणि फिल्टर वेळेवर बदला, तुंबलेल्या फिल्टरमधून ढकलून ढकलून पंप मरतो. नवा पंप बसवून जुना फिल्टर ठेवणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेनं पाठवणं.

पंप गेला म्हणजे चूक तुमचीच, असंही नाही. मारुती सुझुकीनं जुलै २०२०मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपाच्या शंकेवरून परत बोलावल्या. होंडानं २०२४मध्ये त्याच कारणासाठी ९०,४६८ गाड्या बोलावल्या, त्यात बऱ्याच जुन्या होत्या. टोयोटानं २०२०मध्ये परदेशात अशीच मोठी मोहीम काढली, तिथे पंपातल्या प्लास्टिकच्या पंख्याचा दोष होता: तो पेट्रोलनं फुगायचा आणि घासून अडकायचा. असं काम कंपनी मोफत करून देते. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर पहिल्या मालकानं ते करून घेतलं की नाही तुम्हाला माहीत नसतं. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाका, दोन मिनिटांत कळतं. पंपाचे पैसे मोजण्याआधी ही दोन मिनिटं द्या.

शेवटचा मुद्दा इथेनॉलचा, कारण तो प्रत्येक जण विचारतो. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. माझी १९९७ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि पॅकिंग बदलावे लागू शकतात. माझ्या नळीच्या चिरा इथेनॉलच्या की २८ वर्षांच्या वयाच्या, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही आणि पाणी धरतं, ही दोन्ही खरी. म्हणून मी पंपाच्या मागच्या-पुढच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या, आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर त्या हातानं वाकवून बघतो. तसंच जुनी गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीनं उभी ठेवत नाही. आठवड्यातून एकदा जनेश्वर मिश्र पार्कपर्यंत तरी फिरवून आणतो.

डिझेलवाल्यांना आज मी उपाशी ठेवलंय, याची कल्पना आहे. फीड पंप, हँड प्रायमर, एअर काढणं, हा वेगळा विषय आहे, आणि आमच्या शक्तिमान ट्रकांनी त्यावर मला पुष्कळ शिकवलंय. पुढच्या भागात तेच घेऊ. तोपर्यंत फाटलेल्या पडद्याचा तो नवा पंप माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे, व्हिडिओत मागे दिसतोय तो. जय हिंद.